इंजिनाचा दम

उर्दूत आणि मराठीत सारख्याच अर्थाने वापरला जाणारा एक छोटा शब्द आहे – 'दम'. जिना चढून आलेल्या माणसाला दम लागतो. पहिलवानाच्या अंगात दम असतो. गॅरेजमधला मिस्त्री जुन्या स्कूटरला दोन-चार किका मारून म्हणतो, "या इंजिनात आता दम राहिला नाही." त्याचे हे बोलणे नुसते बोलणे नसते. इंजिनाचा दम खरोखरच मोजता येतो आणि वहीत आकड्यांत लिहून ठेवता येतो. तो कसा मोजतात, ते या पाठात पाहू.

त्यासाठी आपण आपल्या गल्लीतली स्कूटर न घेता फार दूरची एक गाडी घेऊ. ती बर्फावर चालते. गावापासून दूर तिच्या इंजिनाचा दम संपला, तर वर बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तेथे ही तपासणी हौस म्हणून करत नाहीत.

या गाडीचे नाव स्नोमोबाइल. मराठीत आपण तिला बर्फगाडी म्हणू. तिला चाके नसतात. पुढे दोन लांब पट्ट्या असतात. हँडल वळवले की त्या वळतात. मागे रबराचा एक रुंद पट्टा गोल फिरत असतो आणि तो बर्फाला मागे ढकलून गाडी पुढे नेतो. वर स्कूटरसारखे आसन, आसनाच्या पुढे इंजिन. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात राहणारे इनुइट लोक अशा गाडीच्या मागे 'कामुतिक' नावाची लाकडी घसरगाडी बांधतात आणि शिकारीला, मासेमारीला किंवा दुसऱ्या वस्तीला जातात. जानेवारी महिन्यात तेथील तापमान शून्याखाली ३० अंश सेल्सिअस असणे ही नेहमीची गोष्ट आहे. कधी कधी ते शून्याखाली ४० अंशांपर्यंतही जाते.

बर्फगाडी लोकांच्या हाती कशी आली, त्यामागे एक दुःखाची हकिकत आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील वालकूर या गावी १९०७ साली जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचे वेड होते. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी मोडक्या फोर्ड मोटारीचे इंजिन एका घसरगाडीवर बसवले, त्याला विमानासारखा पंखा लावला आणि भावाला बरोबर घेऊन ती गाडी गावातून चालवून दाखवली. पुढे त्यांनी गावातच गॅरेज काढले. १९३४ सालच्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या विकाराने आजारी पडला. सगळे रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते. रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले. बापाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ते सांगायला नको. बोंबार्दिए यांनी काम सोडले नाही. बर्फावर न रुतता फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्यांना १९३७ साली मिळाले आणि त्याच काळात त्यांची सात माणसे बसतील अशी बंदिस्त बर्फगाडी विक्रीला आली. डॉक्टर, टपालवाले, शाळेत जाणारी मुले, सारे अशा गाड्यांतून प्रवास करू लागले. एक-दोन माणसांसाठी असलेली लहान, हलकी 'स्की-डू' ही गाडी १९५९ साली आली. बोंबार्दिए १९६४ साली वारले. पण तोवर लहान बर्फगाडीचा जमाना सुरू झाला होता.

त्याआधी उत्तरेकडचे लोक कुत्र्यांच्या गाडीने प्रवास करत. युरोपच्या उत्तर टोकाला लॅपलँडमध्ये रेनडिअर पाळणारे सामी लोक रेनडिअर जुंपत किंवा पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जात. १९६० नंतरच्या दहा वर्षांत या दोन्ही प्रदेशांत बर्फगाडी झपाट्याने पसरली. तिचा वेग कुत्र्यांना कसा येणार? पण कुत्र्यांचा एक गुण यंत्रात नव्हता. वादळात मालकाला वाट दिसेनाशी झाली तरी मुरलेले कुत्रे घराची दिशा धरत. दहा कुत्र्यांतले एक लंगडले तरी उरलेले नऊ गाडी ओढत. यंत्राचे तसे नसते. ते बंद पडले की पूर्ण बंद पडते. त्यामुळे कालपर्यंत कुत्र्यांचे पंजे तपासणाऱ्या माणसाला इंजिन तपासायला शिकावे लागले. तो शिकलाही. या लोकांपैकी कितीतरी जण शाळेत न जाता उत्तम मिस्त्री झाले.

आता इंजिनाच्या पोटात डोकावू. इंजिनात धातूचे एक जाड नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. सिलिंडरमध्ये वरखाली सरकणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. विज्ञानाच्या पुस्तकात 'दट्ट्या' आणि गॅरेजमध्ये 'पिस्टन'. दोन्ही शब्द लक्षात ठेवा, आपण येथे पिस्टनच म्हणू. वरच्या टोकाला सिलिंडरचे झाकण असते. त्याला हेड म्हणतात. हेडच्या मध्यभागी आटे पाडलेले एक भोक असते आणि त्यात ठिणगी पाडणारा प्लग बसवलेला असतो. बर्फगाडीत बहुधा असे दोन सिलिंडर शेजारी शेजारी असतात.

बर्फगाड्यांची बरीच इंजिने टू-स्ट्रोक जातीची असतात. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरची आणि रिक्षाची इंजिनेही याच जातीची होती. चार धावांची इंजिने असलेल्या बर्फगाड्याही आहेत, पण समजायला टू-स्ट्रोक सोपे. यात पिस्टनच्या दोन धावांत सगळे काम उरकते. पिस्टन वर जाताना वरच्या बाजूचे हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या पेटीत नवे मिश्रण ओढून घेतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतील एक खिडकी उघडी पडते. तिच्यातून जळका वायू बाहेर जातो. दुसऱ्या खिडक्यांतून पेटीतले नवे मिश्रण वर येते. पुन्हा पिस्टन वर निघतो. हे सारे एका मिनिटात हजारो वेळा घडते.

या सगळ्यात मिश्रण दाबण्याची काय गरज? नुसती ठिणगी टाकली तर चालणार नाही का? उघड्यावर पसरलेले पेट्रोलचे वाफाळ मिश्रण पेटले तर भडका होतो आणि उष्णता चहूकडे वाया जाते. तेच मिश्रण लहानशा जागेत कोंबून पेटवले तर ते एकदम जोराने फुगते आणि जी एकच वस्तू सरकू शकते तिला, म्हणजे पिस्टनला, धक्का देते. जितके चांगले दाबले, तितका धक्का जोरदार. दाबण्याच्या या क्रियेला पुस्तकी मराठीत संपीडन म्हणतात. गॅरेजमध्ये सगळेच कंप्रेशन म्हणतात. इंजिनाचा दम तो हाच.

कंप्रेशन टिकायचे तर दाबलेली हवा निसटता कामा नये. तुम्ही म्हणाल, मग पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी घट्ट बसवावा. पण घट्ट बसवला तर तो सरकणार कसा? गरम झाला की धातू प्रसरण पावतो; मग तर तो अडकूनच बसेल. म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात सुमारे एक दशांश मिलिमीटर इतकी फट ठेवलेली असते. ही फट बुजवण्याचे काम पिस्टनच्या खाचेत बसवलेल्या रिंगा करतात. रिंग एका जागी कापलेली असते, त्यामुळे तिच्यात स्प्रिंगसारखा ताण असतो आणि ती भिंतीला सतत चिकटून राहते. हेड आणि सिलिंडर यांच्या सांध्यात पातळ पॅकिंग असते. त्याला गॅस्केट म्हणतात. रिंग झिजली, भिंतीवर ओरखडे पडले, पिस्टनला भोक पडले किंवा गॅस्केट जळाले, की दाबलेली हवा तेथून पळ काढते.

सायकलचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर बोट घट्ट धरून दांडा दाबा. दांडा काही अंतर जातो आणि मग अडतो. हात काढला की तो परत उसळतो. आता पंपाच्या आतला चामड्याचा वायसर सुकलेला असेल तर काय होते? दांडा विनातक्रार खालपर्यंत जातो. हवा दबण्याऐवजी बाजूने निसटते. असा पंप कितीही मारला तरी चाक टणक होत नाही. इंजिनाच्या रिंगा म्हणजे पंपाचा हा वायसर. चांगल्या पंपाने दहा-पंधरा वेळा हवा भरली की त्याचे खालचे टोक हाताला गरम लागते. पुष्कळांना वाटते, ते घासल्यामुळे तापते. घासण्याने थोडे तापतेच. पण मुख्य कारण हवा दबणे हे आहे. एकदम दाबलेली हवा तापते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

पूर्वी आपल्याकडचे मिस्त्री कंप्रेशन अंगठ्याने तपासत. प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगायचे. 'फस्स' असा आवाज होऊन अंगठा उडाला तर कंप्रेशन आहे. अंगठा जागचा हलला नाही, तर इंजिन खोलावे लागणार. ही रीत वाईट नाही. पण अंगठा 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगतो. किती आहे, मागच्या वर्षीपेक्षा किती कमी झाले, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी कंप्रेशन गेज हवे. घड्याळासारखी तबकडी, तिला रबराची नळी आणि नळीच्या टोकाला प्लगच्या मापाचे आटे, एवढेच ते साधन. नळीत सायकलच्या ट्यूबला असतो तसा एक व्हॉल्व्ह असतो. तो हवा आत घेतो, परत जाऊ देत नाही. म्हणून काटा चढतो आणि चढलेल्या जागी थांबतो.

आता असे समजा, की तुम्ही उत्तर कॅनडातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात आहात. उद्या सकाळी साठ किलोमीटर दूरच्या वस्तीवर जायचे आहे. वाटेत घर नाही, झाड नाही. आज संध्याकाळी तुम्ही इंजिन तपासायला घेता.

प्रथम इंजिन सुरू करून काही मिनिटे चालू द्या, म्हणजे ते तापेल. थंडगार इंजिनात तेल घट्ट झालेले असते, पिस्टन आकसलेला असतो; आकडा बरोबर येत नाही. मात्र गाडी बाहेर काढून मगच सुरू करा. बाहेर कितीही थंडी असली तरी बंद खोलीत इंजिन चालवायचे नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो माणसाला गुपचूप मारतो. थंडीला कंटाळून दार लावून घेणारी माणसे अशी दगावली आहेत.

इंजिन तापले की बंद करा. प्लगच्या भोवतालचे बर्फ आणि घाण फडक्याने पुसून घ्या, नाहीतर प्लग काढताच ती आत पडेल. मग दोन्ही प्लग काढा. एकच काढला तर दुसऱ्या सिलिंडरचे कंप्रेशन दोरी ओढताना आडवे येते आणि ओढण्याचा वेग कमी पडतो. काढलेला प्लग फेकू नका, त्याचे टोक पाहून ठेवा. टोकाचा रंग चहासारखा तपकिरी असेल तर आतले ज्वलन ठीक आहे. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापत आहे.

यानंतरचे काम विसरायचे नाही. हँडलवर इंजिन बंद करण्याचा खटका असतो. तो 'बंद' बाजूला ठेवा. प्लग त्यांच्या वायरींमध्ये परत खोचून त्यांचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, पण उघड्या भोकांपासून दूर. दोरी ओढली की भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते. तेथेच ठिणगी पडली तर आग लागेल. वायर नुसती लोंबकळत ठेवली, तर ठिणगी पाडणारे विजेचे यंत्र बिघडू शकते.

आता गेजचे टोक भोकात हाताने फिरवून बसवा. पान्याने आवळू नका. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे मऊ असतात. टोक तिरपे बसून आटे गेले, तर तपासणीच्या नादात चांगले इंजिन बिघडायचे. गेज बाहेर काढण्यापूर्वी कोटाच्या आत ठेवलेले बरे. कडक थंडीत रबराची नळी काठीसारखी ताठ होते.

हँडलवर अंगठ्याने दाबायचा रेसचा खटका असतो. तो पूर्ण दाबून धरा. पुष्कळ जण येथेच चुकतात. रेस सोडलेली असेल तर हवेचा रस्ता जवळजवळ बंद असतो. आत हवाच आली नाही तर दाबणार काय? काटा खाली राहतो आणि चांगल्या इंजिनाला विनाकारण म्हातारे ठरवले जाते.

रेस दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करण्याची दोरी सपाट्याने ओढा. काट्याकडे पाहा. पहिल्या ओढीला तो ७० वर गेला. दुसऱ्या ओढीला ९५. मग ११०, ११७, १२०, पुन्हा १२०. काटा पुढे जायचा थांबला. आकडा लिहून घ्या. गेजचे बटण दाबून हवा सोडा आणि दुसऱ्या सिलिंडरलाही तेवढ्याच ओढींनी, त्याच हाताने तपासा. एका बाजूला तुम्ही ओढली आणि दुसऱ्या बाजूला थकलेल्या मित्राने, तर फरक इंजिनाचा आहे की मनगटाचा, ते कळणार नाही.

हे १२० म्हणजे काय? टायरमध्ये हवा भरताना दुकानदार ज्या मापाने मोजतो, तेच हे माप: एका चौरस इंचावर इतके पौंड. १२० पौंड म्हणजे सुमारे ५४ किलो. टपालाच्या एका मोठ्या तिकिटाएवढ्या जागेवर एक माणूस उभा राहिल्यासारखा हा दाब आहे, आणि तो नुसत्या हवेचा आहे. अजून काहीही पेटलेले नाही.

येथे एक गंमतीचा हिशेब करता येतो. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला नियम तुम्हाला माहीत असेल: तापमान न बदलता वायूचे आकारमान निम्मे केले तर दाब दुप्पट होतो. समजा, आपल्या इंजिनात हवा सहाव्या भागाएवढ्या जागेत दाबली जाते. मग दाब सहापट व्हावा. समुद्रकाठी बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पौंड असतो. गेज फक्त बाहेरच्यापेक्षा जास्त असलेला दाब दाखवते, म्हणून १२० मध्ये हे १४.७ मिळवायचे. बेरीज झाली सुमारे १३५, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या नऊपट! हे जास्तीचे आले कोठून? पंपाचे गरम टोक आठवा. एकदम दाबलेली हवा तापली आणि तापलेली हवा जास्त जोराने भिंती ढकलू लागली. बॉइलचा नियम खोटा ठरला नाही. तापमान न बदलण्याची त्याची अट मोडली.

आता निकाल कसा लावायचा? १२० हा आकडा कुराणातला नाही, की सगळ्या इंजिनांनी तो पाळावा. कोणाचे इंजिन १२० ला निरोगी असते, कोणाचे १३५ ला. ते इंजिनाच्या बनावटीवर ठरते आणि गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे दोन सिलिंडरांची आपसातली तुलना. दोघांनी एकच पेट्रोल प्यायले, तेवढेच अंतर कापले. मग दोघांचा दमही सारखा हवा. डावा १२० आणि उजवा ११६ असेल तर काळजी नको. साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. डावा १२० आणि उजवा ९५ दिसला, तर मात्र उद्याचा प्रवास रद्द करा. गाडी आज सुरू होते, पळतेही. पण उजव्या सिलिंडरमधली हवा कोठून तरी निसटते आहे, आणि ती फट प्रवासात लहान होणार नाही.

कोठून निसटते, हे शोधायला जुने मिस्त्री एक युक्ती करतात. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायचे, दोन-तीनदा दोरी ओढायची आणि पुन्हा मोजायचे. तेलाने रिंगांची फट काही वेळ बुजते. आकडा बराच वाढला तर दोष रिंगांत किंवा भिंतीत. वाढला नाही तर गॅस्केट जळाले असेल किंवा पिस्टनला भोक पडले असेल. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र मी या युक्तीवर फार विसंबणार नाही. त्याच्या पेट्रोलबरोबर तेल आत येतच असते, आणि ओतलेले तेल जागा व्यापते म्हणून आकडा थोडा वाढतोच. त्याहून चांगला उपाय आहे. सायलेन्सरची नळी सोडवायची आणि धूर जाण्याच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात आत पाहायचे. दोरी हळूहळू ओढली की पिस्टनचे अंग आणि रिंगा डोळ्यांसमोरून सरकतात. इंजिन न खोलता पिस्टनवरचे उभे ओरखडे दिसतात.

दोन्ही आकडे सारखे, पण दोन्ही ९० आले तर? दोन्ही सिलिंडर सारखेच झिजले असतील. रेस दाबायची राहिली असेल. गेज खोटे बोलत असेल. स्वस्त गेज पुष्कळदा बोलते. म्हणून नेहमी एकच गेज वापरावे आणि दरवर्षीचे आकडे एका वहीत लिहावेत. खोटे गेजही दरवर्षी सारखेच खोटे बोलले, तर तुलना करता येते. उलट, आकडा नेहमीपेक्षा बराच वाढला तर खूश होऊ नका. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर साचून आतली जागा कमी झाली असेल.

शिवाय एक चौथे कारण आहे आणि ते आपल्या देशात प्रत्यक्ष दिसते. काश्मीरमधील गुलमर्गला हिवाळ्यात पर्यटकांना बर्फगाडीतून फिरवतात. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. तेथे हवा विरळ असते. तिचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी भरतो. समुद्रकाठी १२० दाखवणारे निरोगी इंजिन तेथे नेले, तर हिशेबाने ते ८५ ते ९० च्या आसपास दाखवेल. इंजिन झिजलेले नाही. त्याला श्वासात हवाच कमी मिळते. सियाचीनमध्ये आपले जवान ज्या बर्फगाड्या वापरतात, त्यांना तर याहून विरळ हवेत चालावे लागते. म्हणून आकडा लिहिताना शेजारी गावाचे नावही लिहावे.

चांगले इंजिन बिघडते तरी कसे? थंड प्रदेशात त्याची दोन कारणे वारंवार दिसतात. पहिले कारण घाई. शून्याखाली ३० अंशांत रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली आणि लगेच पूर्ण रेस दिली, तर पिस्टन झटपट तापून फुगतो; सिलिंडर मात्र अजून थंडच असतो. मधली फट नाहीशी होते आणि पिस्टन भिंतीला घासतो. एकदा असे झाले की दम गेला. दुसरे कारण हवा. शून्याखाली ३० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १८ टक्के दाट असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे भोक उबदार दिवसाच्या मापाचे राहिले, तर हवा वाढते पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. असे कोरडे मिश्रण फार तापते आणि पिस्टनचे डोके वितळवूही शकते. नव्या गाड्यांत संगणक हे प्रमाण सांभाळतो. तिथे मालकाला फक्त घाई टाळायची असते.

या तपासणीला न दिसणारा एक आजारही सांगितला पाहिजे. पिस्टनच्या खालच्या पेटीला जी रबरी सीलबंदी असते, ती फाटली तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण कोरडे होते. गेज मात्र १२० दाखवत राहते, कारण गेज फक्त पिस्टनच्या वरची हकिकत सांगते. पेटीसाठी वेगळी तपासणी असते: सगळी तोंडे बंद करून आत थोडी हवा भरायची आणि ती टिकते का, ते पाहायचे. आवाज बदलला, प्लग पांढरा पडू लागला, तर आकडा चांगला असला तरी तीही करून घ्यावी.

आपले दोन्ही आकडे आज ठीक आले आहेत: १२० आणि ११८. वहीत तारीख टाका. गेज काढा. प्लग आधी हाताने फिरवून आटे नीट धरले आहेत ना, ते पाहा. मग पान्याने बेताने आवळा. डावी वायर डाव्याला, उजवी उजव्याला. हँडलवरचा खटका पुन्हा 'चालू' बाजूला करा. आता दोरी ओढलीत की ती मघापेक्षा जड लागेल. मघाशी प्लगची भोके उघडी होती. आता हवेला पळायला वाट नाही. हाताला लागतो आहे तो जडपणा म्हणजेच मघाचे १२०.